एकच स्पेलिंग, दोन उच्चार: ˈरेकॉर्ड आणि रिˈकॉर्ड

नोंद असो वा नोंद करणं, मराठी बोलताना आपण ‘रेकॉर्ड’ हा शब्द एकाच पद्धतीने उच्चारतो. इंग्रजीत स्पेलिंग तेच राहतं, आघात (म्हणजे उच्चारात शब्दाच्या एका तुकड्याला मिळणारा उठाव) मात्र हलतो. नामात तो पहिल्या तुकड्यावर असतो: ˈरेकॉर्ड (अमेरिकेत ˈरेकर्ड). क्रियापदात दुसऱ्यावर: रिˈकॉर्ड. इथे ˈ ही खूण आघाताच्या तुकड्याआधी दिली आहे. तसंच ˈप्रेझंट म्हणजे भेटवस्तू, प्रिˈझेंट म्हणजे सादर करणं. ˈऑब्जिक्ट म्हणजे वस्तू, अब्ˈजेक्ट म्हणजे हरकत घेणं. ˈडेझर्ट हे वाळवंट; डिˈझर्ट म्हणजे सोडून जाणं, आणि जेवणानंतरच्या गोड पदार्थाचा उच्चारही हाच, फक्त त्याच्या स्पेलिंगमध्ये एस दोनदा येतो.

चूक बहुधा अशी होते: आघात म्हणजे मोठा आवाज असं समजून ‘रे-कॉर्ड’मधला ‘कॉर्ड’ नुसता जोरात म्हटला जातो आणि ‘रे’ तसाच भरघोस राहतो. ऐकणाऱ्याला मग दोन्ही तुकडे सारखेच वाटतात. आघाताचा तुकडा लांबवायचा असतो, तिथे सूर चढवायचा असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारचा तुकडा आखडायला हवा. म्हणून ‘रे’चा ‘रि’ होतो, ‘ऑब्’चा ‘अब्’, ‘कॉन्’चा ‘कन्’. हा दुबळा ‘अ’ मराठी जिभेला मुळीच परका नाही. क्रियापदाला ‘विचार’ या शब्दाचा ठेका धरा: ‘वि’ झटकन, ‘चार’ लांब. नामाला ‘चाकर’चा. पाच-सहा वेळा ‘विचार, रिˈकॉर्ड, विचार, प्रिˈझेंट’ असं लागोपाठ म्हटलं की फरक कानाला लगेच कळतो.

पण हा नियम सरसकट लावू नका. खरी फसगत तिथेच होते. ˈव्हिजिट, ˈआन्सर, ˈप्रॉमिस, ˈऑफर यांचा आघात क्रियापदातही पहिल्याच तुकड्यावर राहतो. उलट रिˈपोर्ट, कंˈट्रोल, सˈपोर्ट, रिˈप्लाय यांचा नामातही दुसऱ्यावरच.

शंका आली तर क्रियापदाचं भूतकाळी किंवा आयएनजीचं रूप कसं लिहितात ते पाहा. मूळ शब्दाच्या शेवटी एक स्वर आणि त्यानंतर एकच व्यंजन असेल, तर आघात शेवटच्या तुकड्यावर असताना ते व्यंजन दुप्पट होतं. पर्ˈमिटच्या भूतकाळात टी दोन, ˈव्हिजिटच्या भूतकाळात एकच. बिˈगिनला आयएनजी लावताना एन दोन, ˈओपनला लावताना एक. अपवाद आहेत: ब्रिटिश पद्धतीत ˈट्रॅव्हलचा एल आघात नसतानाही दुप्पट लिहितात. तरीही रोजच्या शब्दांसाठी ही खूण फार उपयोगी आहे.

ईडी, आयएनजी किंवा एस जोडल्याने आघाताची जागा बदलत नाही: रिˈकॉर्ड, रिˈकॉर्डेड, रिˈकॉर्डिंग. यातलं शेवटचं रूप ‘ध्वनिमुद्रण’ या अर्थाने नाम म्हणून आलं, तरी आघात क्रियापदाच्याच जागी राहतो.