आज तिथी कोणती? किनाऱ्यावरच्या सुरक्षिततेची पार्श्वभूमी

कोकणात समुद्रावर निघालेल्या पोराला घरातलं वडीलधारं माणूस आधी विचारायचं, "आज तिथी कोणती?" त्या प्रश्नाचा पूजेशी संबंध नव्हता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. दुपारी तीन, तशीच पहाटेही तीनच्या सुमारास. भरतीनंतर सहा तास ओहोटी. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. किनाऱ्यावरच्या घरांत हा हिशेब पोराटोरांनाही तोंडपाठ असे.

समुद्रात उतरायची मुभासुद्धा तिथीलाच बांधलेली होती. पर्वकाळाखेरीज समुद्राला स्पर्श करू नये, असं जुनं धर्मवचन आहे. कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या यात्रेत आजही देवांच्या पालख्या समुद्रस्नानाला येतात. पर्वकाळ म्हणजे अमावास्या-पौर्णिमेसारखा पुण्यदिवस, बहुधा उधाणाचाच, त्यामुळे ही प्रथा सुरक्षिततेसाठी पडली असं मी म्हणणार नाही. पण मौजेखातर कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभं राहायचं, ही कल्पनाच तिच्यात नव्हती. पावसाळ्यात तर आगोटीपासून, म्हणजे पावसाच्या तोंडापासून, नारळी पौर्णिमेपर्यंत होड्यासुद्धा वर ओढून ठेवलेल्या असत. आज १ जून ते ३१ जुलै ही सरकारी मासेमारीबंदी असते, ती याच हंगामात.

मग सुट्टी आली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, घरोघरी गाड्या आल्या आणि समुद्राचा दिवस पंचांगाऐवजी शनिवार-रविवार ठरवू लागला. गणपतीपुळ्याचं उदाहरण घ्या. संकष्टीला गर्दी उसळते. दर्शन, जेवण, थोडी विश्रांती, आणि चारच्या सुमारास सगळं कुटुंब पाण्यात. चतुर्थीची भरती तीनची, म्हणजे पाणी मागे खेचायला लागतं नेमकं त्याच वेळी. ज्या तिथीसाठी माणूस इथवर आला, तीच तिथी त्याला हे सांगत असते.

ओढ कशी तयार होते, हे समजून घेण्याजोगं आहे. वाळूच्या उंचवट्यांवर लाटा फुटतात, पाणी काठाशी साचतं आणि परत जाताना दोन उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेने जोरात बाहेर पडतं. याला रिप करंट म्हणतात. हे नाव अमेरिकी भूशास्त्रज्ञ फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३६ मध्ये सुचवलं, कारण तोवर लोक त्याला भरती-ओहोटीचाच प्रवाह समजत. भरती-ओहोटीमुळे तो तयार होत नाही, पण पाणी उतरू लागलं की बऱ्याच किनाऱ्यांवर त्याचा जोर वाढतो. सगळ्यात घातक गोष्ट अशी की त्या वाटेवर पाणी खोल असल्याने लाटा कमी फुटतात. पाणी शांत दिसतं, आणि आईबाप लहान मुलांना घेऊन नेमके तिथेच उतरतात. प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. त्याच्याविरुद्ध पोहणारा दमतो आणि बुडतो. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी, जमल्यास किनाऱ्याला समांतर जाऊन त्यातून बाहेर पडावं.

मौजेचा समुद्र आणि त्याची राखण यांतलं अंतर इतरांनीही भोगलं आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्यांवर एकेकाळी दिवसाउजेडी समुद्रस्नानाला बंदी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सैल झाली, गर्दी वाढली, माणसं बुडू लागली. १९०७ मध्ये बोंडाय इथे पोहणाऱ्यांनीच जीवरक्षकांचा क्लब काढला. ६ फेब्रुवारी १९३८ ला तिथे लागोपाठ आलेल्या लाटांनी शेकडो लोक आत खेचले. पाच जण दगावले, बाकीचे वाचले, कारण जीवरक्षक मोठ्या संख्येने किनाऱ्यावरच होते.

आपल्याकडे १ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिलला, मालवणजवळ वायरीला बेळगावचे आठ जण गेले. फेब्रुवारी आणि एप्रिल. दोन्ही महिने उघडिपीचे. "पावसाळ्यात जाऊ नका" एवढंच सांगून आपण मोकळे होतो, ते मला म्हणूनच अपुरं वाटतं.

गोव्याने २००८ मध्ये किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले. तिथे लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यावर त्यांची नजर असते, लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरायचं नाही, आणि पावसाळ्यात तो सगळीकडेच लागतो. महाराष्ट्रातल्या अनेक पुळणींवर असे बावटे नाहीत. तिथे विचारायचं ते जाळं दुरुस्त करत बसलेल्या माणसाला: भरती किती वाजता, पाणी कुठे ओढतं, मुलांना कुठवर सोडायचं. तो हातातलं काम थांबवून उठतो आणि बोटाने जागा दाखवतो.