कौटुंबिक जादूपट (ग्रामीण विदर्भ)

आजच्या काळातल्या साध्या घरात, शाळेत किंवा वस्तीत जादू शिरते आणि घरच्यांचे दिवस पालटतात, अशी गोष्ट सांगणारा आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र पाहावा असा चित्रपट. पौराणिक चित्रपटातला चमत्कार देवाचा असतो, भयपटातली शक्ती जीव घ्यायला उठलेली असते; जादूपटात ती बहुधा एखाद्या भित्र्या मास्तरच्या, गरीब तरुणाच्या नाहीतर पोरक्या मुलांच्या बाजूने उभी राहते.

भारतीय चित्रपटाला आकार देणारे दादासाहेब फाळके स्वतः जादूगार होते. आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करीत. ‘राजा हरिश्चंद्र’नंतरच्या (१९१३) त्यांच्या चित्रपटांत देव प्रकट होत नि गुप्त होत, त्यामागे जादूगाराचीच नजर होती. युक्ती साधी असे. कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी जागचे हलायचे नाही, एकाने चौकटीबाहेर जायचे आणि कॅमेरा पुन्हा फिरवायचा. पुढे हीच करामत आजच्या घरात आली. ‘एक डाव भुताचा’ (१९८२), ‘मिस्टर इंडिया’ (१९८७), महेश कोठारे यांचे ‘धडाकेबाज’ (१९९०) आणि ‘झपाटलेला’ (१९९३) यांनी एक पिढी वाढवली. १९८४ च्या मलयाळम त्रिमिती चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘छोटा चेतन’ १९९८ मध्ये आली, तेव्हा चष्मा लावून पिक्चर पाहण्याचे अप्रूप तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले.

खेड्यातल्या बहुतेकांनी हे चित्रपट टॉकीजमध्ये पाहिलेच नाहीत. शेवटचा खेळ सुटेपर्यंत परतीची एसटी निघून गेलेली असे. जत्रेतला तंबू हा एक मार्ग होता. सातपुड्याच्या पायथ्याशी भरणाऱ्या बहिरमच्या यात्रेत तमाशाच्या फडांबरोबर टुरिंग टॉकीजही लागत. दुसरा मार्ग गणपतीच्या आणि नवरात्रातल्या शारदेच्या मांडवातला. वर्गणीच्या पैशातून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा, शाळेतले टेबल चौकात मांडले जायचे आणि सतरंजीवर जागा धरायला पोरे दिवे लागायच्या आधीच बसायची. रात्रीत दोन-तीन पिक्चर होत: आधी देवाधर्माचा, मग पोरांसाठी जादूचा किंवा हसवणारा, आणि लेकरे पेंगली की मारधाडीचा. पडद्यावर मुंग्या आल्या की व्हीसीआरवाला कॅसेट काढून कोऱ्या कागदाने हेड पुसायचा. ऐन रंगात लाइन गेली तर कुणी घरी जात नसे. अंधारात पुढचे काय होणार यावर पैजा लागत आणि म्हाताऱ्या बाया आपापल्या भुताच्या गोष्टी काढत. जादूपटाचा अर्धा रस या मध्यंतरात होता.

पूर्व विदर्भात चित्रपटाला नाटकाशी टक्कर द्यावी लागली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये होतात, आणि धान निघाल्यापासून होळीच्या सुमारापर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. त्यांचे केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज.

या भागात जादूपटाला खरे वजन येते ते गावातल्या दुसऱ्या जादूमुळे. ताप उतरेना, म्हैस दूध देईना, पोरगं खंगत चाललं, की करणीचा नाहीतर भानामतीचा संशय एखाद्या एकट्या विधवेवर किंवा म्हाताऱ्यावर जातो. २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या वृद्ध स्त्रीपुरुषांना भर चौकात खांबाला बांधून मारले गेले. चित्रपटातली जादू सर्वांसमक्ष घडते आणि तिला अट असते. ‘मिस्टर इंडिया’तला अदृश्य माणूस लाल प्रकाशात दिसतो. ‘झपाटलेला’त बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूचा वर्मबिंदू दोन भुवयांच्या मध्ये असतो. ही अट पोरांना तोंडपाठ असते आणि पात्राने ती मोडली की सतरंजीवरून ओरडा होतो. करणीला अशी अटच नाही. कशाचाही पुरावा होतो आणि आरोप झालेल्याला सुटायला जागा उरत नाही. म्हणून ‘असल्या पिक्चरने पोरे अंधश्रद्धाळू होतात’ ही तक्रार सरसकट पटणारी नाही. अर्थात ज्या चित्रपटात मांत्रिकाचा शब्द शेवटी खरा ठरतो, तिथे ती रास्त आहे.

नागपुरात श्याम मानव यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम या सर्वांसमक्ष घडणाऱ्या जादूला जवळचे आहे. चळवळीचे कार्यकर्ते शाळेत आणि चावडीपुढे आधी बुवाचा चमत्कार करून दाखवतात आणि मग त्याची फोड करतात. पोटॅशियम परमँगनेटची पूड हवनकुंडात आधीच ठेवलेली असते. वरून तूप म्हणून ग्लिसरीन सोडले की थोड्या वेळाने काडी न लावता जाळ उठतो. पहिल्यांदा आ वासलेली पोरे दुसऱ्यांदा तोच प्रयोग स्वतः करायला मागतात. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणी करत असल्याचा ठपका ठेवून त्याला त्रास देणे हा गुन्हा ठरवला.

आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे आणि जादूचा पिक्चर ज्याचा त्याने एकट्याने पाहायचा झाला आहे. प्रकाराचे यात मोठे नुकसान आहे, कारण त्याची रचनाच एकत्र दचकण्यावर आणि एकत्र हसण्यावर बेतलेली असते. दुसरी उणीव जुनी आहे. मराठी जादूपटातले घर बहुधा मुंबई-पुण्याकडचे असते आणि वऱ्हाडी बोलणारा माणूस कडेला, हसवण्यापुरता येतो. जंगलात वाट चुकवणारा चकवा, पोळ्याच्या पाडव्याला इडापिडा घेऊन जाणारा मारबतीचा पुतळा, मोहफुले वेचायला पहाटे निघालेल्या बाया, तान्ह्या म्हणजे पोरांच्या पोळ्याचे लाकडी नंदी असा ऐवज इथे घरोघर पडून आहे. लाकडी नंदी रात्री चालू लागला, तर तो कुणाच्या दारात थांबेल हे इथल्या कुठल्याही लेकराला विचारावे.