पीतांबराचा सोमल

गोवर्धन उचलणाऱ्या कृष्णाच्या पहाडी लघुचित्रात नजर प्रथम जाते ती पीतांबराकडे. लघुचित्रांतला पिवळा रंग कधी आंब्याची पाने खाणाऱ्या गाईंच्या मूत्रापासून केलेला असे, तर कधी हरताळाचा. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग असलेले खनिज. ते बारीक घोटून डिंकाच्या पाण्यात कालवले की रंग तयार होई.

मराठी माणसाला हरताळ ठाऊक आहे तो तत्त्वांना फासला जाणारा. (बाजार बंद ठेवण्याचा हरताळ निराळा, तो ‘हट्ट’ म्हणजे बाजार या शब्दावरून आला.) पोथीत चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देई आणि वाळल्यावर त्यावरच नवी अक्षरे लिही. पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणी जुनी हस्तलिखिते हाताळणाऱ्यांना हे पिवळे पट्टे परिचित असतात.

पोथी मिटलेली राहते, चित्र मात्र भिंतीवर लागते, आणि फरक पडतो तो इथे. हरताळ निळा-जांभळा प्रकाश शोषतो, म्हणून तो आपल्याला पिवळा दिसतो. पण त्याच प्रकाशाच्या ऊर्जेने आर्सेनिक-गंधकाचे बंध हळूहळू तुटतात आणि हवेतल्या प्राणवायूशी व ओलाव्याशी संयोग होऊन पांढरा आर्सेनिक ऑक्साइड, म्हणजेच सोमल, तयार होतो. तो पाण्यात थोडा विरघळत असल्याने दमट हवेत मूळ जागा सोडून कागदात पसरूही शकतो.

याहून फसवी गोष्ट झाडांची. नीळ आणि हरताळ यांच्या मिश्रणातून हिरवा रंग करण्याची रीत जुनी आहे. त्यातला हरताळ उडाला की गोवर्धनावरची झाडी निळसर दिसू लागते, आणि आपण चित्रकाराच्या कल्पकतेचे कौतुक करत बसतो!

म्हणूनच संग्रहालयांत अशा चित्रांवर साधारण 50 लक्सच प्रकाश ठेवतात. पुण्यातले भर दुपारचे ऊन जवळपास 1 लाख लक्सपर्यंत जाते. वाड्यातून वारशाने आलेले चित्र खिडकीसमोर असेल, तर त्याची जागा बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

मूळ रंग कोणता होता, हे चित्राचा कणही न खरवडता सांगता येते. सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेल्या उपकरणात लेझरचा किरण रंगावर पाडतात आणि विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखतात. तो किरण अगदी मंद ठेवावा लागतो, कारण हरताळाला तोही बाधतो.