शुक्रावरचा लक्ष्मीचा सडा

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "शुक्राचा अस्त लागतोय, मुलीचं लग्न पुढे ढकलू का?" म्हटलं, काकू, अस्त म्हणजे आपल्याला दिसताना शुक्र सूर्याच्या जवळ येतो आणि त्याच्या उजेडात लपतो, एवढंच. लग्न खुशाल करा.

त्याच शुक्रावर लक्ष्मी मात्र आहे! उत्तर ध्रुवाच्या बाजूला 'लक्ष्मी प्लॅनम' नावाचं पठार सुमारे ४ किलोमीटर उंच उभं आहे. पूर्वेला ११ किलोमीटर उंचीचे मॅक्सवेल पर्वत, मधे लाव्हाची सपाटी आणि कोलेट, साकाजाविया ही दोन प्रचंड ज्वालामुखी कुंडं. ढगांखालचं हे सगळं १९९० ते १९९२ या काळात नासाच्या मॅगेलन यानाच्या रडारने स्पष्ट दाखवलं.

आमचे रत्नागिरीचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, जांभ्याचे. पावसाने बेसॉल्टमधली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. शुक्रावर तापमान ४६५ अंश, पृष्ठभागावर पाण्याचा थेंब नाही, मग जांभा कुठला! तिबेटसारखं पठार दोन भूपट्ट एकमेकांवर आदळून उचललं जातं, पण तसे सरकते पट्टही तिथे दिसत नाहीत. मग लक्ष्मी उचलली कोणी?

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातलं उत्तर मला फार आवडतं. सोलकढीसाठी नारळ खवून, वाटून पिळा. रस निघून जातो, मुठीत उरतो तो चोथा: कोरडा, हलका, भुसभुशीत. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, फार तापलं की त्याचा काही भाग वितळतो. तो रस वर चढून थिजतो आणि कवच जाड होतं. रसाबरोबर बरंचसं लोह आणि खडकात होतं नव्हतं ते पाणीही जातं, म्हणून खाली उरलेला खडक हलका होतो. नारळाच्या चोथ्यासारखा तो भुसभुशीत मात्र होत नाही, उलट ताठ होतो, कारण खडकात थोडं जरी पाणी असलं तरी तो मऊ पडतो, आणि तेच निघून गेलेलं असतं. जाड कवच आणि हलकं, ताठ बूड असलेला हा तुकडा भोवतालच्या तापलेल्या, मऊ प्रावरणावर होडीसारखा तरंगत वर येतो. कडेचं कवच त्याच्याशी रेटलं जाऊन चुरगळतं, तेच पर्वत. पृथ्वीवरच्या खंडांचे सर्वांत जुने गाभे, अब्जावधी वर्षांपूर्वीचे, असेच घडले असावेत.

याआधी कोणी खालून उसळणारा तप्त प्रवाह सुचवला होता, कोणी खाली बुडणारा. वाद मिटलेला नाही. इस्रोच्या शुक्रयानाला २०२४ मध्येच मंजुरी मिळाली, उड्डाण २०२८ मध्ये अपेक्षित आहे. त्यावरही रडार असेल, आणि लक्ष्मीच्या कडा ते कशा दाखवतं याची मी आत्तापासून वाट पाहतोय.