डॉक्स, ज्याँ

डॉक्स, ज्याँ : (२४ मे १९४१ – १५ जानेवारी २००२). बेल्जियमचे आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. पुढे अँडरलेख्ट क्लबचे प्रशिक्षक आणि स्काउट, म्हणजे नव्या खेळाडूंचे पारखी. मेखलेन क्लबकडून सुरुवात करून १९६४ मध्ये ते ब्रुसेल्सच्या रेसिंग व्हाइटमध्ये गेले आणि १९७१ मध्ये अँडरलेख्टमध्ये. ते मधल्या फळीत खेळत. गोल करणाऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी राहतात. मधल्या फळीतला माणूस नसला की त्याची किंमत कळते.

बेल्जियमकडून ते ३३ सामने खेळले व त्यांनी ३ गोल केले. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ते संघात होते. १९७२ च्या युरोपीय स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत इटलीला हरवताना व्हिलफ्रिड व्हान मूर यांचा पाय मोडला. मधल्या फळीचा मुख्य आधारच गेल्यावर उरलेल्यांवर दुप्पट भार आला. उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीने २–१ ने हरवले, पण हंगेरीवर २–१ असा विजय मिळवून बेल्जियम तिसरा आला. १९७४ च्या विश्वचषक पात्रता फेरीत तर बेल्जियमने ६ सामन्यांत १२ गोल केले, एकही खाल्ला नाही, तरी नेदरलँड्सच्या सरस गोलफरकामुळे संधी हुकली. नेदरलँड्सविरुद्धच्या अखेरच्या, ०–० सुटलेल्या लढतीत बेल्जियमच्या व्हेरहेयेन यांचा गोल ऑफसाइड ठरवला गेला. तो निर्णय चुकीचाच होता.

५ मे १९७६ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर अँडरलेख्टने वेस्ट हॅमला ४–२ ने हरवून चषकविजेत्यांचा युरोपीय चषक जिंकला. तेव्हा डॉक्स ३४ वर्षांचे होते. त्यांच्यासोबत मधल्या फळीत आरी हान होते, आणि ३२ व्या मिनिटाला दुखापत झालेल्या लूडो कूक यांच्या जागी तरुण फ्रँकी व्हेरकॉटरन आले. १९७८ मध्ये हा चषक पुन्हा क्लबकडे आला. त्याच वर्षी डॉक्स यांची अँडरलेख्टमधली खेळाडू म्हणून कारकीर्द संपली.

१९९८ च्या हंगामात सुरुवातच बिघडली म्हणून क्लबने प्रशिक्षक हान यांना दूर केले. संघ सावरायला आले ते त्यांचे जुने सोबती, डॉक्स आणि व्हेरकॉटरन. अशा वेळी नवे खेळाडू विकत घ्यायला सवड नसते. आहे त्याच संघाची घडी बसवावी लागते. हंगामअखेर अँडरलेख्ट तिसरे आले. पुढच्या हंगामापासून सूत्रे एमे आन्त्वेनिस यांच्याकडे गेली.

स्काउटच्या कामात मधल्या फळीतला अनुभव थेट उपयोगी पडतो. चेंडू पायात असताना खेळाडू काय करतो हे प्रेक्षकालाही दिसते. पारखी पाहतो ते चेंडू नसताना: पास येण्याआधी तो मान वळवून मागे बघतो का, चेंडू गमावल्यावर पहिली पाच पावले कुठल्या दिशेने टाकतो, संघ मागे पडला की चेंडू मागतो की लपतो. एकाच सामन्यावरून मत बनवणे ही नेहमीची चूक. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर कोणीही उठून दिसतो, म्हणून घरच्या आणि बाहेरच्या, दोन्ही मैदानांवर त्याला पाहावे लागते. गोलांचे तुकडे जोडलेल्या चित्रफितीवर तर अजिबात विसंबू नये. चुका त्यात नसतातच. १५ डिसेंबर १९९५ च्या, युरोपीय न्यायालयाच्या बॉसमन निकालानंतर आणखी एक रकाना महत्त्वाचा ठरला: करार कधी संपतो. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघाच्या (ईयू) देशांतील दुसऱ्या क्लबमध्ये बदली-शुल्काविना जाऊ शकतो. त्यामुळे स्काउटने उशीर केला, तर हेरलेला खेळाडू दुसराच क्लब घेऊन जातो.