'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'चे टेक, मिक्स आणि एक जोड

बीटल्स या ब्रिटिश बँडचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' हे गाणं आपण ऐकतो तसं सलग कधी वाजवलंच गेलं नाही. सुरू झाल्यावर सुमारे मिनिटभराने त्यात एक जोड येतो, आणि तिथून पुढे दुसऱ्याच ध्वनिमुद्रणातलं गाणं सुरू होतं. त्यामुळे या गाण्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शोधणं म्हणजे शिवलेल्या कापडाची शिवण उसवून पाहणं.

१९६६च्या शरद ऋतूत एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी बीटल्सचा गायक जॉन लेनन स्पेनमध्ये होता. गाणं तिथे सुचलं, आणि गिटारवर गाऊन पाहिलेले त्याचे कच्चे खर्डे आज ऐकायला मिळतात. २४ नोव्हेंबरला लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत पहिला टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न, झाला. त्यात ध्रुपदाने नव्हे, तर थेट कडव्यानेच सुरुवात होते. माझ्या मते तो सगळ्यात सुंदर आहे, पण तो बाजूला पडला. चाल बदलत गेली आणि महिनाअखेरीस सातवा टेक तयार झाला: मेलोट्रॉन या फितीवर साठवलेले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डची सुरावट, संथ लय.

लेननला मात्र आणखी भारदस्त काहीतरी हवं होतं. म्हणून ८ डिसेंबरपासून नव्याने सुरुवात झाली. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने तीन चेलो आणि चार ट्रम्पेट यांचं संयोजन लिहिलं. बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने वाजवलेलं स्वरमंडळही याच काळातलं. आपल्याकडे ख्याल गाणाऱ्याच्या मांडीवर दिसणारं हे वाद्य तिथे कडव्याआधी सर्रकन छेडलेलं ऐकू येतं.

टेकच्या आकड्यांनी मात्र फसू नये. चारच ट्रॅक, म्हणजे आवाजाचे चार स्वतंत्र थर, मावणाऱ्या यंत्रात जागा संपली की आधीचं सगळं एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवत, आणि त्या नकलेलाही नवा क्रमांक मिळे. 'टेक २६' म्हणजे सव्विसाव्यांदा वाजवलेलं गाणं नव्हे. पंधराव्या टेकचा बराचसा भाग आणि चोविसाव्याचा शेवट जोडून पंचविसावा झाला, आणि त्यावरून सव्विसावा. म्हणजे ज्या जोडाची एवढी चर्चा होते, त्याच्या पलीकडच्या तुकड्यातही एक जोड आहेच!

लेननला सातव्याची सुरुवात आवडली होती आणि सव्विसाव्याचा शेवट. दोन्ही जोडून द्या, असं तो म्हणाला. अडचण अशी, की दोन्हींची पट्टी वेगळी आणि लयही. सुदैवाने जलद होता तोच टेक वरच्या पट्टीत होता. फितीचा वेग बदलला की लय आणि पट्टी दोन्ही एकाच दिशेने सरकतात, म्हणून मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी २२ डिसेंबरला एकाचा वेग वाढवून आणि दुसऱ्याचा उतरवून ते जुळवलं. उत्तरार्धात लेननचा आवाज जड, झोपेतून आल्यासारखा वाटतो, तो याच खटपटीमुळे.

फेब्रुवारी १९६७मध्ये 'पेनी लेन' या गाण्यासोबत आलेली रेकॉर्ड मोनो होती, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत, आणि त्या काळी खरी मेहनत मोनो मिक्सवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्यावर, होई. डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचा स्टिरिओ मिक्स २९ डिसेंबरला झाला. १९७१मध्ये जर्मन प्रकाशनासाठी आणखी एक स्टिरिओ मिक्स केला गेला, त्यामुळे जुन्या रेकॉर्डी गोळा करणारे देश पाहून मगच हात घालतात.

टेक १ रीतसर बाहेर यायला मात्र १९९६चा 'अँथॉलॉजी २' उजाडावा लागला, आणि त्यातही मागे साथीला गायलेले आवाज वगळलेले. त्याच संग्रहात सातव्या टेकच्या शेवटी लेनन पुटपुटतो ते 'क्रॅनबेरी सॉस' हे शब्द स्वच्छ ऐकू येतात. तिथे 'मी पॉलला पुरलं' असं ऐकून बीटल्समधलाच पॉल मॅकार्टनी मेल्याची अफवा वर्षानुवर्षं चघळणाऱ्यांचा त्यामुळे हिरमोड झाला असणार. २०१७मध्ये आलेल्या 'सार्जंट पेपर' अल्बमच्या संचात टेक १, ४, ७ आणि २६ एकत्र आले. त्यातला सव्विसावा मूळ वेगात ऐकला की गाणं अचानक घाईत असल्यासारखं वाटतं.