डॅशबोर्डवरील कामगिरी-निर्देशक

व्यवसायातील एखाद्या कामाचे प्रत्यक्ष मूल्य, त्यासाठी ठरवलेले लक्ष्य आणि काळानुसार दिसणारा कल एका नजरेत दाखवणारी आकृती. व्यवहारात तिला केपीआय (की परफॉर्मन्स इंडिकेटर) म्हणतात.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. फ्रान्समधील कारखान्यांत अभियंते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, काहींच्या मते त्याच्या आरंभीच, वापरू लागलेला ‘ताब्लो द बोर’, म्हणजे निर्देशकांचा फलक, हा तिचा पूर्वज, असे एक मत आहे. दुसरे मत व्यवस्थापनतज्ज्ञ रॉबर्ट कॅप्लन व डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘बॅलन्स्ड स्कोअरकार्ड’ या संतुलित गुणपत्रकाला अग्रमान देते. कालक्रम आणि कारखान्यातील प्रत्यक्ष वापर पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया, शिक्षण व वाढ ही पैशापलीकडची मोजमापे संचालकांच्या टेबलावर आणण्याचे श्रेय मात्र स्कोअरकार्डचेच. संगणकीय रूपाबाबत अधिक निश्चितपणे बोलता येते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००५ या माहितीसाठा-प्रणालीत केपीआयचे मूल्य, लक्ष्य, स्थिती व कल असे चार भाग मानलेले आहेत. एक्सेल २००७ मध्ये रंगीत चिन्हसंच आले आणि २०१५ पासून मायक्रोसॉफ्टच्याच पॉवर बीआय या अहवाल-प्रणालीमुळे अशी आकृती लहान कार्यालयांच्याही आवाक्यात आली.

पॉवर बीआयमध्ये आकृतीला मूल्य, लक्ष्य आणि कालाक्ष असे तीन रकाने पुरवावे लागतात. मोठ्या अक्षरांत दिसणारा आकडा एकूण बेरजेचा नसून कालाक्षावरील शेवटच्या बिंदूचा असतो. बहुतेक घोटाळे येथूनच उद्भवतात. महिन्यांची नावे मजकूर म्हणून दिली, तर ती अक्षरक्रमाने लागतात. शेवटी ‘सप्टेंबर’ येतो आणि चालू महिना कोणताही असला तरी आकृती सप्टेंबरचाच आकडा दाखवते. नावे मराठीत लिहिली तरी शेवटचे स्थान सप्टेंबरलाच मिळते. उपाय सोपा आहे: स्वतंत्र तारीख-तक्ता करून महिन्याचे नाव महिन्याच्या क्रमांकाने क्रमित करावे, अनेक वर्षांची माहिती असल्यास वर्षही जोडावे. दुसरा प्रश्न अपुऱ्या महिन्याचा. तीन तारखेला तीन दिवसांची विक्री पूर्ण महिन्याच्या लक्ष्याशी ताडली, की आकृती तांबडी होणारच. अशा वेळी पूर्ण झालेले महिनेच दाखवावेत किंवा लक्ष्य दिवसांच्या प्रमाणात घ्यावे. ‘वर्षारंभापासून’ची बेरीज करणारे सूत्र वर्षअखेर ३१ डिसेंबर धरते, आपल्याकडील हिशेबासाठी त्यात ३१ मार्च स्वतंत्रपणे नमूद करावी लागते.

आकडा वाढणे चांगले की वाईट, हा दिशेचा निर्णय तंत्रापेक्षा धंद्याच्या जाणकारीचा आहे. नागपूरच्या एखाद्या डाळमिलचे उदाहरण घेऊ. उतारा, म्हणजे १०० किलो तुरीपासून मिळणारी डाळ, वाढली तर चांगले. चुरी वाढली तर वाईट. मूळ मांडणी ‘जास्त ते चांगले’ अशीच असते. ती चुरीच्या आकृतीवर तशीच राहिली, तर नुकसान वाढत असताना पडदा हिरवा राहतो. म्हणून निर्देशक बसवताना मिलवर काम करणाऱ्या माणसाला विचारणे अनिवार्य मानावे. केवळ रंगावर भिस्त ठेवू नये. लाल-हिरव्याचा भेद न कळणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत बरेच असते, तेव्हा बाण किंवा चिन्हही द्यावे.

हंगामी मालात लक्ष्य ठरवणे सर्वांत अवघड. नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याची आवक बहरावर, म्हणजे झाडे फुलण्याच्या हंगामावर, चालते: आंबिया बहराची फळे साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तर मृग बहराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. वार्षिक लक्ष्याला बाराने भागून काढलेला मासिक आकडा येथे निरुपयोगी आहे. मे-जूनमध्ये व्यापारी काहीही न चुकता नापास ठरतो. मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करणे अधिक न्याय्य, मात्र बहर लवकर किंवा उशिरा आला तर तीही फसते. अशा वेळी संपूर्ण बहराची एकत्रित आवक हाच निर्देशक घ्यावा आणि बहराचा आरंभ तारखेने न ठरवता पहिल्या मोठ्या आवकेपासून मोजावा.

नागपूर परिसरातील मिहान, हिंगणा व बुटीबोरी येथील उद्योगांना उपयुक्त असा एक बारीक मुद्दा: पॉवर बीआयची आकड्यांची एकके हजार, दशलक्ष व अब्ज अशी चढतात. लाख-कोटीत वाचणाऱ्या मालकासाठी मूल्याला एक लाखाने भागणारे वेगळे सूत्र लिहावे आणि लक्ष्यही त्याच एककात द्यावे.